बाळंतिणीचा रक्तस्राव आणि पाण्याचा फुगा

मागच्या पंधरवड्यात दवाखान्यात एक ओळखीचे गृहस्थ आले. सूनबाईंचे बाळंतपण नुकतेच झाल्याचे कानावर होते, म्हणून पेढे घेऊन आले असतील असे वाटले. पेढे होतेच, पण चेहरा पेढे वाटणाऱ्या माणसाचा नव्हता. कंपाउंडर बाहेर गेल्यावर खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, एक विचारू का? रागावू नका."

झाले होते असे. मुलगा झाला, वार पडली, बाहेर सगळे आनंदात. अर्ध्या तासाने आत धावपळ सुरू झाली. एक सिस्टर घाईने बाहेर आली आणि कुटुंबनियोजनाच्या कपाटातून 'निरोध'चे पाकीट काढून लेबर रूमकडे पळाली. ते यांच्या धाकट्या भावाने पाहिले. "पोरगी तिथे मरणाच्या दारात, आणि यांना निरोध कशाला पाहिजे?" म्हणून त्याने दारातच आरडाओरडा सुरू केला. शेवटी डॉक्टरीणबाई तशाच रक्ताळलेल्या हातमोज्यांनिशी दारापर्यंत आल्या, दोन वाक्यांत काहीतरी सांगितले आणि दार लावून घेतले. सून वाचली. चार दिवसांनी घरीही आली. पण ते पाकीट काही यांच्या मनातून जाईना. "आमच्या सुनेवर कसला प्रयोग तर केला नाही ना? आणि पुढे पुन्हा मूल होईल ना तिला?"

त्यांना जे सांगितले तेच आज जरा विस्ताराने लिहितो. कारण तशा वेळी लेबर रूमच्या दाराशी गेलेली दोन मिनिटे फार महाग पडू शकतात. आणि दाराबाहेर उभे असणारे आपणच कोणीतरी असतो.

रक्त आपोआप थांबते कसे?

बाळंतपणात थोडेफार रक्त जातेच. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीला दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त पोचत असते. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी डोळ्यांपुढे आणा. तेवढे किंवा त्याहून जास्त, दर मिनिटाला. वार सुटली की जिथे ती चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. मग प्रत्येक बाळंतीण पाच-दहा मिनिटांत दगावत का नाही?

त्याचे उत्तर गर्भपिशवीच्या बांधणीत आहे. तिचे स्नायू बाजेच्या सुंभासारखे आडवे-तिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. बाळ बाहेर आले की पिशवी आकसते, वीण आवळली जाते आणि मधल्या वाहिन्या चिमटल्या जातात. निसर्गाने आधीच घालून ठेवलेले टाकेच म्हणा ना. बाळंतपणानंतर बेंबीच्या आसपास हाताला नारळासारखा घट्ट गोळा लागतो, तो हाच. पूर्वीच्या सुइणी तो चाचपून पाहत आणि समाधानाने मान हलवत. त्यांचे ते बरोबर होते.

कधी कधी मात्र पिशवी आकसत नाही. फार वेळ कळा देऊन दमलेली असते, जुळी असतात, मूल मोठे असते, पोटात पाणी जास्त झालेले असते, आधीची बरीच बाळंतपणे झालेली असतात. कधी नुसती लघवी तुंबलेली असली तरी ती पिशवीला नीट आकसू देत नाही. अशी सैल पडलेली पिशवी हे बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण. दहापैकी सात-आठ वेळा तेच सापडते. उरलेल्या वेळी आत कुठे फाटलेले असते, वारेचा तुकडा राहिलेला असतो, किंवा रक्त गोठण्यातच दोष असतो.

जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख बायकांना असा रक्तस्राव होतो आणि सुमारे ७० हजार त्यात दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे हे कबूल केले पाहिजे. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात ३३, केरळात १९. म्हणजे आपले बरे चालले आहे आणि याहून बरे करता येते, हे केरळने दाखवले आहे.

यात आपल्या बायकांची एक जादा अडचण आहे. गरोदरपणात अंगातले रक्त वाढते, त्यामुळे धडधाकट बाई अर्धा लिटर रक्तस्राव सोसून जाते. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गरोदर बायका पंडुरोगी आढळल्या. जिचे हिमोग्लोबिन मुळात सात-आठ, तिला अर्धा लिटरदेखील भारी पडतो.

वाकळेने प्यालेले रक्त

आता उपकरणांकडे येतो. या विषयातले सर्वांत मोलाचे उपकरण माझ्या मते फुगा नाही, यंत्रही नाही. ती एक प्लास्टिकची पिशवी आहे. ते का, हे सांगायचे तर जुनी गोष्ट सांगावी लागेल.

इंटर्नशिप संपवून मी एका आडगावच्या केंद्रात होतो. एका बाईचे तिसरे बाळंतपण सुखरूप झाले. अंगावरून जात होते, पण एकदम धार अशी नव्हती. थोडे थोडे, सारखे. नाडी जलद होती. दमली असेल असे मी समजलो. तासाभराने तिला घाम फुटला, ती उगीचच हातपाय हलवू लागली, पाणी मागू लागली. तिला दुसऱ्या खाटेवर घेताना खालची वाकळ उचलली, तर ती दोन हातांनी उचलवेना. सगळे रक्त त्या वाकळेने पिऊन टाकले होते आणि आम्हाला वर फक्त डाग दिसत होता. जीपमध्ये घालून निघालो. घाट उतरायच्या आधीच सगळे संपले होते. तिच्या आईने मला काहीच विचारले नाही. विचारले असते तर काय सांगणार होतो, मला माहीत नाही.

नुसत्या डोळ्यांनी रक्ताचा अंदाज चुकतो, आणि तो नेहमी कमीच्या बाजूने चुकतो. शिकलेल्यांचाही चुकतो. हे मोजून दाखवले ते आपल्या शेजारच्या बेळगावने. २००२ नंतरच्या काळात तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि अमेरिकेतील डॉक्टरांनी मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात एक अभ्यास केला. बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी आधी रक्त मोजणे आले. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. बाळ बाहेर आले की बाईच्या कमरेखाली सरकवायची प्लास्टिकची चादर, तिचा पुढचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता, आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा. रक्त त्या नरसाळ्यात उतरते आणि पावसाच्या मापकात पाणी वाचावे तसे वाचता येते. करणाऱ्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिला 'ब्रास-व्ही' असे नाव पडले.

त्या अभ्यासाचा निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. १६२० बायका, बाळंतपणे बहुतेक नर्सबाईंच्या हातची. गोळ्या दिलेल्यांत जादा रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. गोळ्यांचे नाव झाले. पण त्याच सुमारास या चादरीची आणि डोळ्यांच्या अंदाजाची तुलना केली, तेव्हा डोळ्यांचा अंदाज जवळजवळ एक तृतीयांशाने कमी निघाला, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

त्या चादरीचे दिवस पुढे आले. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बायकांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०२३ साली जाहीर झाला. निम्म्या रुग्णालयांत अशीच मापाची चादर वापरली, आणि खुणेपर्यंत रक्त आले की ठरलेले सगळे उपचार एकदम, वाट न पाहता सुरू केले. बाकीच्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत. नेहमीच्या पद्धतीत जादा रक्तस्राव होणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या कोणाच्या लक्षातच येत नव्हत्या. चादरीने शंभरातल्या ९३ लक्षात आल्या. लिटरभराहून अधिक रक्त जाणे, पोट उघडावे लागणे किंवा बाई दगावणे, हे सगळे मिळून ६० टक्क्यांनी कमी झाले. त्यात नवे औषध एकही नव्हते. होती ती फक्त मोजणी आणि तत्परता.

पूर्वी ५०० मिलिलिटरपर्यंत थांबायचा नियम होता. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो बदलला. आता ३०० मिलिलिटर गेले आणि नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की उपचार सुरू करावेत असे सांगितले आहे. म्हणून वाचकांना माझे सांगणे आहे, की जिथे नाव घालाल तिथे एक साधा प्रश्न विचारा : "बाळंतपणात रक्त मोजायची पिशवी लावता का?" समंजस डॉक्टर या प्रश्नाने रागावणार नाही. आणि नसेल लावत, तर निदान त्याच्या डोक्यात किडा तरी सोडाल.

आधी हात आणि इंजेक्शन

फुग्याची पाळी येण्यापूर्वी बऱ्याच गोष्टी होतात. बाळ होताच मिनिटाभरात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन प्रत्येक बाईला देतात. पिशवी आकसावी म्हणून. (हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. औषधाच्या दुकानातून आणून खिशात घालून फिरू नये, आणि दवाखान्याचा फ्रीज बंद पडला असेल तर त्यावर भरवसा ठेवू नये.) रक्तस्राव वाढला तर पोटावरून पिशवी चोळतात, औषधे वाढवतात, दोन सलाइन लावतात, लघवीची नळी घालतात. शिवाय ट्रॅनेक्झामिक ॲसिड देतात. २१ देशांतल्या २० हजार बायकांवरची त्याची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. उशीर झाला तर उपयोग नाही. तेवढ्यानेही भागले नाही तर डॉक्टर एक हात आतून मूठ करून आणि दुसरा पोटावरून, असे दोन्ही हातांमध्ये पिशवी दाबून धरतात. पाहणाऱ्याला ते भयंकर वाटते. पण त्या दोन हातांनी पुष्कळ बायका वाचवल्या आहेत. अडचण एवढीच की माणूस थकतो.

फुगा म्हणजे काय?

आता निरोधकडे वळू. थकणाऱ्या हाताचे काम आतून दुसऱ्या कशाने करता येईल, हा विचार जुनाच. पूर्वी गर्भपिशवीत मीटरच्या मीटर गॉज ठासून भरत. मी शिकत असताना तेही पाहिले आहे. त्याला वेळ लागतो, आणि गॉजही वाकळेसारखेच रक्त पीत राहते. बाहेर कळत नाही. पुढे परदेशात गर्भपिशवीसाठी खास सिलिकोनचा फुगा निघाला. तो करणाऱ्या डॉक्टरांच्या नावावरून त्याला 'बाकरी' फुगा म्हणतात. त्यात ५०० मिलिलिटरपर्यंत पाणी भरतात. चांगला आहे, पण एकदाच वापरायचा, आणि किंमत हजारांत. तालुक्याच्या ठिकाणी तो कपाटात असेलच असे नाही.

या शतकाच्या सुरुवातीला बांगलादेशात डॉ. सायेबा अख्तर या प्राध्यापिकांपुढे हीच अडचण होती. ढाक्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बायका येत होत्या, रक्त वाहत होते, आणि महागडा फुगा नव्हता. त्यांनी सरकारी रुग्णालयात ढिगाने मिळणारी वस्तू घेतली, निरोध. तो निर्जंतुक रबरी नळीच्या टोकावर चढवायचा, दोऱ्याने घट्ट बांधायचा, गर्भपिशवीत सारायचा आणि नळीचे दुसरे टोक सलाइनच्या बाटलीला जोडायचे. २०० ते ५०० मिलिलिटर सलाइन आत गेले की निरोध फुगतो, पिशवीचा आकार घेतो आणि सगळीकडून सारखा दाबतो. विहिरीच्या भिंतीतल्या झऱ्यांवर आतून कोणी छाती टेकून उभे राहावे, तसे. रक्त थांबले की नळी दुमडून बांधायची आणि फुगा खाली घसरू नये म्हणून खाली थोडे गॉज ठेवायचे. २००३ साली त्यांनी पहिल्या २३ बायकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तेवीसही जणींचे रक्त १५ मिनिटांच्या आत थांबले होते.

तेव्हापासून ही पद्धत आशिया-आफ्रिकेत सर्वत्र पसरली. आपल्याकडेही ती वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकवली जाते. त्यामुळे आमच्या गृहस्थांच्या सुनेवर कोणी प्रयोग केला नव्हता. सिस्टर पळाली ती योग्य कपाटाकडे पळाली होती.

आता दुसरी बाजू. फुगा लावला म्हणजे जिंकलो, असे नाही. पिशवी सैल पडली असेल तर तो उपयोगी. आत वारेचा तुकडा असेल, गर्भपिशवीचे तोंड फाटले असेल किंवा पिशवीच फुटली असेल, तर फुगा लावून वेळ काढणे घातक. म्हणून जाणता डॉक्टर आधी ते तपासतो. फुगा लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही तर शस्त्रक्रियेकडे वळावे लागते. पश्चिम आफ्रिकेत बेनिन आणि माली येथे झालेल्या एका चाचणीत निरोधचा फुगा लावलेल्या गटाला ठळक फायदा दिसला नाही. म्हणून २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या फुग्याला मान्यता देतानाच अटी घातल्या : जिथे गरज पडल्यास शस्त्रक्रिया होऊ शकते, रक्त मिळू शकते, शिकलेला माणूस आहे आणि बाईवर सतत नजर ठेवता येते, तिथेच तो वापरावा. याचा अर्थ असा, की फुगा हे शेवटचे स्टेशन नाही. तो वेळ मिळवून देतो, आणि त्या वेळात रक्ताची सोय आणि पुढच्या रुग्णालयाची तयारी व्हायला हवी.

शोषून घेण्याची उलटी युक्ती

फुगा आतून बाहेर ढकलतो. पण निसर्गाची रीत उलटी आहे; पिशवी फुगत नाही, आकसते. मग तिला आत ओढून आकसवले तर? या विचारातून शोषण-नळ्या निघाल्या. आपल्या देशात केरळचे डॉ. पणिक्कर यांनी भोके असलेली एक नळी केली. ती गर्भपिशवीत घालून सक्शन मशीनला जोडतात. आतले रक्त ओढले जाते, पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पिशवी आवळते. अमेरिकेत याच तत्त्वावरच्या 'जाडा' नावाच्या मऊ सिलिकोनच्या कड्याला २०२० साली सरकारी मान्यता मिळाली. त्याच्या अभ्यासातल्या १०६ बायकांपैकी १०० जणींचे रक्त थांबले, आणि तेही बहुतेकींचे काही मिनिटांतच. यात आणखी एक सोय अशी, की बाहेरच्या बाटलीत किती रक्त गेले ते दिसत राहते. मला स्वतःला हा विचार फार पटतो. पण फुग्याइतका मोठा अनुभव अजून गाठीशी नाही, आणि सक्शन मशीनला वीज लागते हेही विसरू नये.

वाटेवरचा पोशाख

गडहिंग्लजहून कोल्हापूरला सीपीआरला पेशंट न्यायचा तर दीड-दोन तास लागतात. वाटेत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली तर विचारूच नका. आणि बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव उपचाराविना राहिला तर बाई साधारण दोन तासांत हाताबाहेर जाऊ शकते, असे आमची पुस्तके सांगतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

या वाटेसाठी एक पोशाख निघाला आहे. लढाऊ विमानांतल्या वैमानिकांच्या दाबाच्या सूटवरून तो सुचला. जाड, ताणणाऱ्या कापडाचे रुंद पट्टे. घोट्यापासून सुरू करून पोटऱ्या, मांड्या, ओटीपोट आणि पोट असे क्रमाने घट्ट आवळायचे आणि वेल्क्रोने चिकटवायचे. पायांतले आणि पोटातले रक्त वर हृदयाकडे, मेंदूकडे ढकलले जाते, ओटीपोटातला रक्तस्रावही कमी होतो. मिनिटांत बाईला तरतरी येते. धुऊन पुन्हा वापरता येतो. तमिळनाडूसारख्या राज्यांत तो वापरात आहे. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात तो असायला हवा, असे माझे मत आहे.

नातेवाइकांनी एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. बाई शुद्धीवर आली की "घट्ट होतंय, सोडा" म्हणणारच. सोडायचे नाही! पोटाचा पट्टा घाईने सोडला तर सगळे रक्त धबकन पायांत उतरते, रक्तदाब कोसळतो, आणि वाचलेली बाई हातची जाऊ शकते. पोशाख रुग्णालयातच, रक्तस्राव थांबून प्रकृती स्थिर झाल्यावर, घोट्याकडून वर, एकेक पट्टा पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडायचा असतो. मध्येच नाडी वाढली किंवा दाब उतरला तर पुन्हा आवळायचा.

घरच्यांचे काम

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. रीत चांगली आहे. पण पुष्कळदा मुलगी माहेरी येते आणि तपासणीचे कार्ड, रक्तगटाचा कागद सासरी कपाटात राहतो. तो आधी मागवून घ्या. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन पाहा. नवव्यात पाहून उपयोग थोडा. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रक्त देऊ शकतील अशा दोन-तीन धडधाकट माणसांची नावे आधीच ठरवून ठेवा. लग्नाच्या पंगतीला दोनशे माणसे येतात, रक्तपेढीत मात्र नवरा एकटाच उभा असतो, हे मी किती वेळा पाहिले आहे! सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, रक्त आणि ने-आण २०११ पासूनच्या सरकारी योजनेत मोफत आहे. खर्चाला भिऊन उशीर करू नका; १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास बाईला एकटी ठेवू नका. बाळाला लवकर छातीशी धरू द्या. त्यानेही पिशवी आकसते. तिला लघवीला व्हायला हवे. घरी आणल्यावर "अंगावरून जाऊ दे, घाण निघून जाते" हे आजीबाईंचे म्हणणे एका मर्यादेपर्यंतच खरे. तासाभरात एक पॅड किंवा घडी पुरती भिजत असेल, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, छाती धडधडत असेल, बाई विनाकारण अस्वस्थ किंवा गुंगीत वाटत असेल, तर सव्वा महिन्याचा सोवळा-ओवळा बाजूला ठेवून तिला तत्काळ रुग्णालयात न्या. पहिल्या दिवशी सगळे ठीक असून आठ-दहा दिवसांनीही असे होऊ शकते. ताप आणि घाण वास असेल तर आत वारेचा तुकडा राहिल्याची शंका घ्यावी.

राहिला आमच्या गृहस्थांचा दुसरा प्रश्न. फुगा साधारण दिवसभर ठेवतात. मग सलाइन थोडे थोडे काढून घेतात, पुन्हा रक्त येत नाही ना ते पाहतात, आणि फुगा बाहेर. आत काही उरत नाही, कापाकापी नाही, पिशवी जागच्या जागी. पाळी परत येते, पुढे दिवसही राहू शकतात. उलट फुग्याने भागले नसते तर पिशवीच काढून टाकावी लागली असती, आणि मग त्यांच्या प्रश्नाचे उत्तर वेगळे झाले असते. मात्र एकदा असा रक्तस्राव झाला की पुढच्या खेपेलाही होण्याचा संभव जास्त. म्हणून डिस्चार्जचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवायचा, पुढच्या बाळंतपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवायचा, आणि नाव घालायचे ते रक्तपेढी जवळ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच.

हे सगळे ऐकून ते उठले. दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले आणि म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंना भाऊ फार वेडंवाकडं बोलला हो." मी म्हटले, "मग पेढे इथे कशाला आणलेत? तिकडे न्या." अर्धे पेढे मी ठेवून घेतले.

(पुढील आठवड्यात : लहान मुलांचे जुलाब आणि मीठ-साखरेचे पाणी)